मुठीतली गाठ

बोईसर, १३ डिसेंबर १९६४

नर्मदाआक्कास रामकिसनचा जयभीम.

तुझं कार्ड पोचलं. सहा ओळी, त्यातल्या तीन म्हशीवर. म्हैस सुखरूप आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. मायबद्दल एकच ओळ लिहिलीस, 'तब्येत बरी आहे, तुझं नाव काढलं की उठून जाते.' अगं, हे मला ठाऊक आहे. सात वर्षं झाली तिला माझ्याशी बोलून. नवीन काही असेल तर कळवत जा.

येलदरीच्या धरणाचं काम सोडून आम्ही दोघं नवराबायको इकडं समुद्राकाठी आलो. तारापूरजवळ सरकार अणूवर चालणारं वीजघर बांधतंय. इथले लोक त्याला नुसतं 'ॲटम' म्हणतात. कुठं कामाला? ॲटमवर. माझं काम काँक्रीटला पाणी मारायचं. हसू नकोस. कोवळं काँक्रीट उन्हात सुकलं की तडकतं. त्यावर गोणपाटं पसरायची, भिजवायची, दोन तासांनी पुन्हा भिजवायची, असं अठ्ठावीस दिवस. वत्सला म्हणते, एवढं घरातल्या तुळशी... चुकलं, एवढं घरातल्या मिरचीच्या रोपाला पाणी घातलं असतंत तर मला बाजार करावा लागला नसता. जुनी सवय, हात तुळस लिहायला जातो.

एवढं मायला वाचून दाखव. पुढचं वाचू नकोस.

आक्का, तू आणि दाजी मायकडं राहायला यायच्या आधीची गोष्ट, तू तेव्हा सासरी होतीस, तुला सगळं ऐकीव. म्हणून एकदा माझ्या तोंडून ऐक. सत्तावन्नच्या फाल्गुनात आपल्या आळीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. लोक म्हणतात पोरानं म्हातारीवर जबरदस्ती केली. साफ खोटं. मायनं सगळ्यांच्या आधी हात जोडले. खंडोबा, भवानी, सगळे देव तिनं स्वतःच्या हातानं देव्हाऱ्यातून काढून टोपल्यात ठेवले. मी फक्त टोपलं उचललं. कोनाड्यात लुगड्याच्या चिंधीत बांधलेलं काहीतरी होतं, ते पण त्यात टाकलं. पूर्णेच्या डोहावर पंचवीस माणसं जमली होती. मी भाषण केलं आणि सगळं बुडवलं.

त्या चिंधीत तानीचा टाक होता. आपली तानी, तू सहा वर्षांची आणि मी तीन वर्षांचा असताना दहा महिन्यांची होऊन गेली ती. तिच्या पायातल्या वाळ्यांची चांदी सोनाराला देऊन मायनं तो ठोकून घेतला होता. दोन पेरांएवढा पत्रा, त्यावर एक मुलगी. तो देव नव्हता गं, मला मान्य आहे. पण मला काय ठाऊक आत काय आहे ते? घरी येऊन मी मायला हेच म्हणालो. तेव्हापासून ती माझ्याशी मुकी झाली. नकळत झालं त्याची एवढी शिक्षा? तूच सांग.

नागोराव दाजींना जयभीम.

तुझा,
रामकिसन

बोईसर, २३ मे १९६५

नर्मदाआक्कास जयभीम.

बुद्धजयंती दणक्यात झाली. आमच्या झोपड्यांच्या वस्तीत आम्ही मंडळ काढलंय, चिटणीस मी. कागदी फुलं, बाबासाहेबांचा फोटो, बुद्धाचा फोटो, आणि ज्याच्या त्याच्या घरून आणलेली खीर, त्यामुळं चार जातींची खीर झाली, एक खारटसुद्धा. माझं भाषण पाऊण तास चाललं. मी म्हणालो, अज्ञान म्हणजे गळ्यातली धोंड आहे! एका झटक्यात सोडा, पाण्यात फेका, मोकळे व्हा! टाळ्यांवर टाळ्या.

मग मागून एक म्हातारा उठला. जानू खलाशी. जन्मभर बोटीवर होता, आता ॲटमवर दोर बांधायचं, वजनं वर चढवायचं काम करतो. एका पायानं लंगडतो. म्हणाला, "मास्तर, यक ईचारू? तुमचा बुद्ध या फोटूत बसलाय. बसून काय करतो तो?"

मी म्हणालो, "ध्यान."

"आनि तुमी बसलाव कवा?"

मी कागदी फुलं नीट करायला लागलो. तो म्हणाला, "नाय, सहज ईचारलं. तुमी मला कायम उभंच दिसता." आणि बसला खाली. सगळी सभा खो खो हसली. वत्सला पहिल्या रांगेत, ती सगळ्यात मोठ्यानं.

माझा संताप संताप झाला. रविवारी सरळ त्याचं गाव गाठलं, मुरबे, इथून तीन तास चालत. म्हटलं, याला धम्म म्हणजे काय ते समजावूनच येतो. दारात बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, वासानं माझ्या डोळ्यांत पाणी. घरात गेलो तर फळीवर एकवीरा आई, हार, दिवा, आणि तिच्या शेजारी वीतभर पांढऱ्या दगडाचा बुद्ध. मी म्हणालो, "अहो, हे दोघं एका फळीवर कसे?"

तो म्हणाला, "घरात फळी यकच हाय."

मग त्यानं सांगितलं. जपानच्या लढाईच्या आधी रंगूनच्या बंदरात त्याच्या पायावर माल कोसळला. बोट त्याला टाकून निघून गेली. दवाखान्यातून भिक्खूंनी त्याला विहारात नेलं, चार महिने सांभाळलं. "त्या बाबाला माजी बोली कळं ना, मला त्याची. रोज सकाली माज्या समोर बसायचा आनि माज्या नाकाखाली बोट धरायचा. बस, येवडंच शिकवलं. आत येतो तो बग, भायेर जातो तो बग." मी विचारलं, आणि धर्माचं? तो म्हणाला, "त्याची गोष्ट मला कळली नाय. श्वासाची कळली."

आक्का, मी समजवायला गेलो होतो आणि तळलेले बोंबील खाऊन परत आलो. हे मायला सांगितलंस तरी चालेल, ती हसेल. हसली तर मला कळव.

तुझा,
रामकिसन

बोईसर, ५ सप्टेंबर १९६५

आक्कास जयभीम.

मी बसायला लागलो. पहाटे पाचाला, भोंग्याच्या आधी, अर्धा तास. कुणाला सांगितलं नव्हतं, पण दहा बाय दहाच्या झोपडीत लपून काय करणार?

पहिल्या दिवशी मी चार श्वास पाहिले. पाचव्याला मी खंडेराव मुकादमाशी भांडत होतो, मनातल्या मनात, आणि जिंकत होतो. सहावा, सातवा, कितवा कोण जाणे, मी येलदरीला पोचलो होतो. मग पाय मेला. मग डास. दुसऱ्या आठवड्यात मला झोप लागली ती थेट भोंग्यापर्यंत. वत्सला म्हणाली, "घोरायचंच होतं तर मांडी कशाला घातलीत? आडवं व्हायचं होतं की."

वैतागून मी जानूला म्हणालो, "खलाशीबाबा, माझ्यानं होत नाही. मन पळून जातं."

"पलालं ते कळलं ना तुमाला?"

"कळलं."

"मंग झालं की. हाताला धरून परत आनायचं."

"असं किती दिवस?"

त्यानं माझ्या हातातल्या पाण्याच्या पाइपाकडं पाहिलं. "तुमच्या काँक्रेटचं किती दिवस?"

मी म्हणालो अठ्ठावीस. तो म्हणाला, "मंग तुमी काय काँक्रेटपरास मऊ?" आणि दोर खांद्यावर टाकून लंगडत निघून गेला. आमच्याबरोबर पाणी मारणारी सोमी, इथल्या डोंगरातली वारली बाई, एरवी कधी बोलत नाही, ती तोंडाला पदर लावून हसत होती. दिवसभर हसत होती.

पण आक्का, खरं सांगतो, बरं वाटतंय. का ते माहीत नाही. रेशनला लाल मिलो ज्वारी मिळते, भाकरी दगडासारखी होते, छपरातून गळतं, तरी पहाटे उठावंसं वाटतं. मायला सांग, रामकिसन रोज बसतो म्हणून. काय म्हणते ते मला कळव.

तुझा,
रामकिसन

बोईसर, २० फेब्रुवारी १९६६

आक्कास जयभीम.

तू लिहिलंस, 'सांगितलं. माय काही बोलली नाही, पण उठूनही गेली नाही.' आक्का, ही ओळ मी चार वेळा वाचली. कार्ड खिशात ठेवून कामावर नेलं आणि ते भिजलं. असू दे, पाठ आहे.

आता माझी एक फुशारकी ऐक. परवा दुपारी रांजणातलं पाणी घ्यायला गेलो, तर खंडेराव मुकादम म्हणाला, "तुझा पेला वेगळा ठेवलाय तिकडं." एकोणीसशे सहासष्ट साल, अणूची वीज निघणार, आणि याचा पेला अजून वेगळा. दोन वर्षांपूर्वी मी रांजणच फोडला असता. नोकरी गेली असती, आणि मी ती गोष्ट दहा वर्षं रंगवून सांगितली असती. या खेपेला काय झालं माहीत आहे? छातीत जाळ उठला, कान तापले, मुठी वळल्या, आणि हे सगळं मला दिसलं. बोलण्याच्या आधी दिसलं. मी रांजणावरचाच पेला घेतला, बुडवला, त्याच्या डोळ्यांत बघत पाणी प्यालो आणि म्हणालो, "खंडेराव, तुमच्या रांजणाचं पाणी गार असतं. रोज येत जाईन." दुसऱ्या दिवसापासून वेगळा पेला गायब.

ही गोष्ट मी वस्तीत सगळ्यांना सांगितली. जानूला तर दोनदा. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "मागल्या टायमाला तुमी यकच पेला प्यालेले, आज दोन झाले." म्हातारा कधी शाबासकी म्हणून देत नाही.

पण एक गोष्ट त्याला सांगितली नाही, तुलाच सांगतो. हल्ली बसलं की उजवी मूठ आपोआप वळते. उघडतो, पुन्हा वळते. कशानं होतं कोण जाणे. दिवसभर पाइप धरून होत असेल.

हे मूठबिठीचं मायला वाचू नकोस.

तुझा,
रामकिसन

बोईसर, २७ नोव्हेंबर १९६६

आक्का,

आज पेल्याची गोष्ट नाही, खिरीची नाही. हे पत्र मायला वाचू नकोस. आधी तू वाच, मग तुला वाटेल ते कर.

मंगळवारी ओल्या गोणपाटांचं गाठोडं मी घाईघाईत बांधलं आणि वरच्या मजल्यावर चढवायला जानूकडं दिलं. तो ओढण्याआधी नेहमी सगळ्या दोरावरून आणि गाठोड्यावरून बोटं फिरवतो. बघतो भलतीकडं, पण बोटं वाचत असतात. बोटीवरची सवय, म्हणतो. बोटं थांबली.

"ही दुसरी गाठ कसली?"

मी म्हणालो, "असेल काहीतरी. ओढा."

"असेल काईतरी, नाय चालत. हाताला लागली मंजे तुमाला कळली. कळली तर सोडून बगायची."

सोडली. आतल्या एका गोणपाटात कुणा गवंड्यानं आपली लोखंडी थापी चिंधीनं बांधून ठेवलेली, आणि ती गाठ अर्धी सुटलेली. वर जाता जाता निसटली असती, आणि खाली सोमी पाणी मारत होती. जानूनं थापी काढली, गाठोडं पुन्हा बांधलं आणि ओढलं. बांधताना ती गाठ माझ्या हाताला लागली होती, आक्का. मला कळलं होतं, आणि तरी मी म्हणालो, असेल काहीतरी.

दुसऱ्या दिवशी पहाटे बसलो. मूठ वळली. या वेळी मी ती उघडली नाही. म्हटलं, काय असेल ते बघतोच. श्वास आत, श्वास बाहेर, आणि मूठ. आणि मग मुठीत काय आहे ते मला कळलं.

पूर्णेच्या डोहावर टोपलं रिकामं झालं तेव्हा तळाला ती चिंधी राहिली होती. मी ती हातात घेतली. गाठ मायची होती. ती गाठ कशी मारते तुला माहीत आहे, दोनदा पीळ देऊन, पोराच्या कमरेला करगोटा बांधावा तशी. आत पातळ पत्रा होता, कडा बोटाला लागत होत्या. आणि देव तर सगळे टोपल्यात गेले होते. मग चिंधीत वेगळं बांधून, वेगळ्या कोनाड्यात, मायनं काय ठेवलं असेल? मला कळलं, आक्का. नाव आठवलं नव्हतं, पण हे देव नाही, हे मायचं काहीतरी आहे, एवढं मला कळलं. मी थांबलो. मग वाटलं, आता गाठ सोडली आणि आतून टाक निघाला तर समोरची पंचवीस माणसं म्हणतील, भाषण करणाऱ्याच्या आईनंच देव लपवून ठेवला. मी मूठ वर केली आणि फेकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि घरी येऊन मायला म्हणालो, मला काय ठाऊक?

नऊ वर्षं मी हेच सांगितलं. तुला, वत्सलाला, मला स्वतःला. इतक्या वेळा सांगितलं की खरंच वाटायला लागलं. अज्ञान अज्ञान म्हणून मी भाषणं ठोकत होतो, आणि अज्ञान ते हे होतं. माय अडाणी नव्हती. मी कळलेलं न कळल्यासारखं केलं.

त्या डोहावर आता येलदरीच्या धरणाचं पाणी चढलंय. टाक काही मिळायचा नाही. मायला माफी कोणत्या तोंडानं मागू ते कळत नाही. पण खोटं आता परत घेतो. मला ठाऊक होतं. वाच तिला हे. नको. वाच.

रामकिसन

चारठाणा, ९ जानेवारी १९६७

चि. रामकिसनास नर्मदेचा आशीर्वाद.

आधी माझी एक चोरी कबूल करते. तुझं प्रत्येक पत्र मी मायला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलंय. 'हे वाचू नकोस' असं आलं की माय चूल सोडून जवळ येते आणि म्हणते, आता नीट वाच. आधी आधी उठून जायची हे खरं, पण जाऊन दाराआड उभी राहायची. मी मोठ्यानं वाचायची.

तुझं शेवटचं पत्र आलं तेव्हा ती ज्वारी निवडत होती. मी वाचलं. तिनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, लिही. मी म्हणाले, काय लिहू? म्हणाली, म्या सांगते तसं लिही, तुझ्या मनाचं घालू नको. तर हे तिचे शब्द आहेत.

"रामकिसना, म्या डोहावर आले व्हते. बाभळीखाली उभी व्हते, तुला दिसले न्हाई. टोपलं उचलून तू गेलास आन् मला कोनाडा रिकामा दिसला, तशी पळतच आले. तू चिंधी हातात घेतलीस. तोललीस. थांबलास. मला वाटलं, कळलं माझ्या लेकराला, आता कमरेला खोचंल. तू फेकलीस. ते बी म्या सोसलं असतं. पंचवीस मानसं समोर, तरणं रगात, व्हतं असं. पन तू घरी येऊन म्हनालास, मला काय ठाऊक. म्या डोळ्यानं बघितलेलं, आन् तू म्हनतोस मला काय ठाऊक. त्यावर म्या काय बोलनार व्हते? नकळत केलं म्हनल्यावर माफ तरी काय करावं मानसानं? म्हनून गप बसले. वाट बघत बसले. लई वर्सं लावलीस बाबा."

इथं तिनं सूप पुन्हा हातात घेतलं. मी म्हटलं, झालं? म्हणाली, "अजून एक लिही. तानीचा टाक सोनारानं केला व्हता, तिच्यासारखा दिसत नव्हता. नाक भलतंच व्हतं."

शिमग्यानंतर तुझे दाजी तिला तिकडं घेऊन येताहेत. मी नको म्हटलं, एवढा लांबचा प्रवास. तर म्हणते, त्याचं अठ्ठावीस दिवसांचं काय ते बघून येते.

तुझी आक्का,
नर्मदा

बोईसर, ११ एप्रिल १९६७

आक्कास रामकिसनचा जयभीम, आणि मायचा आशीर्वाद. ती शेजारी बसून मला कागद तिरका धरलाय म्हणून सांगते आहे.

नागोराव दाजी परत पोचले असतीलच. स्टेशनावर काय झालं ते त्यांनी तुला सांगितलं असेल, पण त्यांना सांगता येत नाही म्हणून मी सांगतो. माय डब्यातून उतरली. मी समोर उभा. दहा वर्षांत काय काय बोलायचं ते मी ठरवलेलं, ते राहिलं बाजूला. वाकलो, पायावर डोकं ठेवलं. ती म्हणाली, "ऊठ. किती वाळलास. आन् हा कसला वास येतोय?" तो बोंबलांचा वास होता. आक्का, बोलली माय माझ्याशी! मी स्टेशनावरच लहान पोरासारखा रडलो, आणि वत्सला मला आवरायचं सोडून मायच्या गळ्यात पडून स्वतःच रडायला लागली. हमाल हसत होते. हसू देत.

तिला ॲटम दाखवला. फाटकाबाहेरूनच, आत सोडत नाहीत. एवढा मोठा डोलारा पाहून म्हणाली, "ह्याला सगळ्याला तू पानी घातलंस?" मी म्हणालो, थोड्याला. म्हणाली, "मंग तडकायचं न्हाई." जानू भेटायला आला, केळीच्या पानात सुके बोंबील घेऊन. मायनं नाकाला पदर लावून ते घेतले, आणि संध्याकाळी चटणी करून दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. तो गेल्यावर म्हणाली, मानूस बरा हाय, कमी बोलतो. आणि माझ्याकडं पाहिलं.

मी तिला तानीबद्दल विचारलं. कधी विचारलंच नव्हतं. तिनं सांगितलं, नाक माझ्यासारखं बसकं होतं, उजव्या गालावर खळी होती, हसताना आधी एक डोळा मिटायची. आक्का, तुला आठवतं का गं हे? मला आता वाटतं की आठवतंय. सोनाराच्या टाकात यातलं काहीच नव्हतं.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. आज पहाटे मी बसायला उठलो तर माय जागी. म्हणाली, रोज उठून काय करतोस ते मला बी दाव. मी चिटणीस माणूस, मला तेवढंच पाहिजे होतं. सांगायला लागलो. माय, पाठ ताठ ठेवायची, डोळे मिटायचे, नाकाखाली लक्ष द्यायचं. आत येतो तो बघायचा, बाहेर जातो तो बघायचा. दुसरं काही करायचं नाही. मन पळालं तर परत आणायचं. सोपं वाटतं, पण फार कठीण आहे, मला दोन वर्षं लागली...

ती म्हणाली, "हे व्हय? हे मला येतं."

मी म्हणालो, कुणी शिकवलं?

"तानीनं. ती शेवटाला तीन दिवस तापात व्हती. मांडीवर घेऊन बसले व्हते. नाकाखाली असं बोट धरून. आला. गेला. आला. गेला. तीन दिवस दुसरं काई बघितलं न्हाई बाबा. मन कुठं पळनार?" मग पदर सारखा करून म्हणाली, "मंग न्हाई आला."

मी डोळे मिटून घेतले, कारण उघडे ठेवता येईनात. बसलो तसाच. मूठ वळली नाही, दोन्ही हात मांडीवर सैल होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं. बाहेर कुणीतरी हापसा मारत होतं. किती वेळ गेला ठाऊक नाही.

मग नाकाखाली काहीतरी आलं. डोळे किलकिले केले. मायचं बोट होतं. राखेनं काळं पडलेलं, वाकडं झालेलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, दाराकडं बघत होती, आणि बोट तसंच धरून होती. एक श्वास गेला, एक आला, आणखी एक गेला, आला.

"चालू हाय," ती म्हणाली, आणि चूल पेटवायला उठली.

तुझा,
रामकिसन